भेंडी, खोडरबर आणि शिक्कामोर्तब

तहसील कचेरी गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावची असो की आणखी कुठली, खिडकीपाशी उभ्या माणसाचे कान एकाच आवाजाकडे लागलेले असतात. धप्प! कागद टाइप झालेला असतो, सही झालेली असते, पैसे भरलेले असतात. तरी तो आवाज ऐकू येईपर्यंत जीव भांड्यात पडत नाही. 'गोल शिक्का राहिला' एवढ्या कारणासाठी पुन्हा बसचे तिकीट काढून आलेली माणसे कोणत्याही तालुक्याच्या गावी भेटतील. आता बरेच दाखले संगणकातून डिजिटल सहीनिशी निघतात. पण शाळेचा दाखला, ग्रामपंचायतीचे पत्र, सोसायटीची पावती यांवर जांभळी शाई दिसली नाही तर कागद अजून खोटाच वाटतो.

लाकडी मूठ, तिच्याखाली बोटभर जाडीचा रबराचा तुकडा आणि शाईची पत्र्याची डबी, एवढाच हा सारा कारभार. तो कचेरीच्या टेबलावरून उचलून घरातल्या पाटावर आणला, रबरावर 'आवक-जावक'च्या जागी धानाची लोंबी कोरली आणि ती जाड कागदाच्या घडीवर उमटवली, की शुभेच्छापत्र तयार होते. अमेरिकेत आणि युरोपात १९७०-८०च्या दशकांत हा छंद चांगलाच फोफावला. ठशांचे संच, रंगीत शाया, खास कागद यांची मोठी बाजारपेठ उभी राहिली. आपल्याकडे त्याचा गाजावाजा नाही. मात्र त्यासाठी लागणारे जवळजवळ सगळे हात आणि हत्यारे आमगावसारख्या गावात आधीपासूनच आहेत. त्यांची एकमेकांशी ओळख करून द्यायची तेवढी बाकी आहे.

शिक्क्याची या भागाशी असलेली ओळखही जुनी आहे. आमगावजवळच पदमपूर आहे. आठव्या शतकातला संस्कृत नाटककार भवभूती आपल्या पूर्वजांचे गाव म्हणून दक्षिणापथातल्या पद्मपुराचे नाव सांगतो. ते पद्मपूर म्हणजे हेच पदमपूर, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले, आणि आमगावातले महाविद्यालयही भवभूतीच्याच नावाचे आहे. भवभूतीच्याही आधीच्या वाकाटक काळातला एक अपुरा ताम्रपट दुर्ग भागात सापडला आहे. त्यातही पद्मपुराचे नाव येते. वाकाटकांच्या ताम्रपटांची रचना पाहण्यासारखी असते. तांब्याचे पत्रे, त्यांना पाडलेले भोक, त्यातून ओवलेली कडी आणि त्या कडीला जोडलेली राजमुद्रा. मुद्रेवर राजाच्या नावाचा मजकूर, तोही पुष्कळदा श्लोकात. थोडक्यात, जमीन दान दिल्याचा कागद त्या काळीही शिक्क्याशिवाय पुरा होत नव्हता.

मराठेशाहीत तर शिक्का भाषेतच मुरला. पत्राच्या माथ्यावर उमटवायचा तो शिक्का, आणि मजकूर संपला, आता याखाली कोणी काही घुसडू नये म्हणून शेवटी उमटवायचे ते मोर्तब. या दोहोंनी मिळून 'शिक्कामोर्तब' हा शब्द झाला. आज तो क्रिकेट संघाच्या निवडीपासून लग्नाच्या याद्यांपर्यंत कुठेही वापरतात, पण मुळात ती कागदाच्या दोन टोकांवर उमटलेली धातूच्या दोन मुद्रांची छाप होती. शिवाजी महाराजांची अष्टकोनी संस्कृत मुद्रा शाळकरी मुलांनाही ओळखता येते. मजेची गोष्ट अशी की घरी ठशांचे पत्र करणारी माणसेही नकळत हीच रीत पाळतात. वर मोठे चित्र, आणि आत मजकुराच्या शेवटी आपल्या नावाचा किंवा खुणेचा लहानसा ठसा. म्हणजे शिक्काही झाला आणि मोर्तबही.

रबर या कहाणीत फार उशिरा येते, आणि तेही खोडण्याच्या निमित्ताने. दक्षिण अमेरिकेतल्या झाडांचा तो चीक युरोपात पोचला तेव्हा त्याचे काय करावे हे लोकांना नीट उमगत नव्हते. १७७० मध्ये जोसेफ प्रीस्टली या इंग्रज शास्त्रज्ञाने नोंदवले, की या पदार्थाने घासले असता शिसपेन्सिलीची खूण पुसली जाते. घासणारे म्हणून ते 'रबर'. म्हणजे खोडरबर हाच या नावाचा मूळ अर्थ. अडचण अशी होती की कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई आणि थंडीत कडक होऊन तडके. विदर्भाच्या मे महिन्यात त्याचे काय झाले असते याची कल्पना करवत नाही. १८३९ मध्ये चार्ल्स गुडइयर या अमेरिकन संशोधकाला आढळले, की रबरात गंधक मिसळून ते तापवले तर ते लवचीक राहते आणि ऋतू बदलला तरी बिघडत नाही. १८४४ मध्ये त्याला याचे पेटंट मिळाले. १८६० मध्ये तो मरण पावला तेव्हा मात्र त्याच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता.

पुढचा टप्पा दाताच्या डॉक्टरांनी गाठून दिला. त्या काळी कवळीचा तळ कडक रबराचा करीत, आणि त्यासाठी रबर दाबून तापवायचे छोटे भांडे दंतवैद्यांकडे असे. १८६०च्या दशकात अमेरिकेत कुणाला तरी सुचले, की याच भांड्यात कवळीऐवजी अक्षरे भाजता येतील. पहिला कोण, यावर तिथे बरेच भांडण झाले. ते तिथल्यांनीच मिटवावे. आपल्यापुरते एवढे पुरे, की कचेरीतला दरारा वाटणारा शिक्का हा कवळीचा धाकटा भाऊ आहे.

शिक्का बनवण्याची जुनी पद्धत उलट-सुलटच्या खेळासारखी होती. छापखान्यातले शिशाचे खिळे ओळीत लावायचे. ते मुळात उलटेच असतात. त्यांच्यावर प्लास्टर किंवा तशाच दुसऱ्या लगद्याचा थर दाबून साचा घ्यायचा, त्यात अक्षरे सुलटी खोल उतरतात. त्या साच्यावर गंधकमिश्रित कच्च्या रबराची चकती ठेवून दाबयंत्रात तापवायची. बाहेर येते ते उलट्या उठावाचे रबर. ते कात्रीने कापून लाकडी मुठीला चिकटवले की कागदावर अक्षर सुलटे. आता तालुक्याच्या गावातही झेरॉक्स आणि डीटीपीच्या दुकानांतून वेगळीच तऱ्हा दिसते. मजकूर संगणकावर जुळवतात, त्याची निगेटिव्ह काढतात आणि काचेवर मधासारखे घट्ट द्रव पॉलिमर पसरून अतिनील प्रकाश देतात. जिथे प्रकाश पोचतो तिथे ते घट्ट होते, उरलेले साबणाच्या पाण्याने धुऊन जाते. काही ठिकाणी लेझरनेही रबर कोरतात. दुकानदाराला या सगळ्यात 'मुख्याध्यापक' किंवा 'सचिव' हेच शब्द हवेत असे काही नाही. आपण काळ्या शाईने काढलेले सारस पक्ष्याचे चित्र दिले, तर त्याचाही शिक्का त्याच काचेवर तयार होतो. फक्त रेघा फार बारीक नसाव्यात, आणि चित्रात करड्या छटा नसाव्यात. शिक्क्याला काळे आणि पांढरे, दोनच कळतात.

ती शाई जांभळीच का? १८५६ मध्ये रसायनशास्त्राचा अठरा वर्षांचा विद्यार्थी विल्यम हेन्री पर्किन मलेरियावरचे क्विनीन बनवायला गेला आणि हाती जांभळा रंग आला. तिथून डांबरापासून कृत्रिम रंग बनवण्याची लाट आली. त्या लाटेत पुढे निघालेला मिथाइल व्हायोलेट हा रंग शिक्क्याच्या शाईत स्थिरावला. स्वस्त, गडद आणि थोडक्यात पुष्कळ काम भागवणारा. सरकारी दवाखान्यात जखमेवर लावायचे जांभळे औषध याच रंगाच्या घराण्यातले. शाईत रंगासोबत ग्लिसरीनसारखा पदार्थ असतो. तो हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून डबीतली शाई महिनोन्‌महिने सुकत नाही. कागदावर ती सुकते ती वाफ होऊन नव्हे, कागदात मुरून. म्हणूनच गुळगुळीत चकचकीत कार्डावर हा ठसा दुसऱ्या दिवशीही बोटाला लागतो आणि साध्या पोस्टकार्डावर क्षणात बसतो. नवशिक्याचा पहिला कागद इथेच वाया जातो. आणखी एक चूक घरोघरी होते. शिक्का स्वच्छ करायचा म्हणून रॉकेलमध्ये बुडवतात. रॉकेल, पेट्रोल आणि तेल रबरात शिरून ते फुगवतात, अक्षरांच्या कडा सुजतात आणि शिक्का कायमचा जातो. ओल्या फडक्याने पुसणे पुरते.

रबराची इतकी थोरवी गायल्यावर हे मान्य करायला हवे, की पूर्व विदर्भाच्या या झाडीपट्टीतल्या मुलाला पहिला ठसा रबराने शिकवलेला नसतो. पोळ्याच्या दिवशी बैल धुऊन, शिंगे रंगवून झाली, की गेरूत किंवा रंगात वाटीची किंवा पेल्याची कड बुडवून बैलाच्या पाठीवर गोल उमटवले जातात. घरातल्या लहान मुलांना हे काम हमखास मिळते. बैल अंग थरथरवतो, गोल फाकतो, तरी ते नक्षीदारच दिसते. लग्नाघरी हळदीच्या हाताचे ठसे भिंतीवर उठतात. वारकऱ्याच्या कपाळावर गोपीचंदनाची मुद्रा असते. शाळेत तर ठसेकाम हा चित्रकलेचा रीतसर भाग आहे, आणि त्यातली सम्राज्ञी भेंडी. आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल तयार. कांद्याची वर्तुळे, कारल्याची नक्षीदार कड, बटाट्यात कोरलेला चांद. पदमपूरच्या नावातच पद्म असल्यामुळे कमळकाकडी विसरून चालणार नाही. तलावांच्या या मुलखात कमळे उगवतात, आणि कमळाच्या देठाची चकती रंगात बुडवून उमटवली तर भोकांच्या वर्तुळाची अशी जाळी उठते की कुशल कोरक्यालाही ती कोरता येणार नाही.

भाजीच्या ठशाला एकच मर्यादा आहे, तो टिकत नाही. दहा पत्रे झाली की भेंडी गळते, कडांना पाणी सुटते. पंचवीस पत्रे एकाच चित्राची हवी असतील तर खोडरबर घ्यावे.

दुकानात पाच-दहा रुपयांना मिळणारे पांढरे खोडरबर आज बहुतेक वेळा रबर नसतेच, ते मऊ केलेले पीव्हीसी प्लास्टिक असते. कोरायला मात्र तेच उत्तम, कारण ते लोण्यासारखे कापले जाते आणि कड तुटत नाही. चित्र आधी बटर पेपरवर मऊ, शक्यतो ६बी पेन्सिलीने काढायचे. मग तो कागद पालथा घालून खोडरबरावर नखाने घासायचा. शिसे रबरावर उतरते आणि चित्र आपोआप उलटे होते. आता ते कोरून छापले की कागदावर मूळ चित्रासारखे सुलटे येते. डोक्यात आरसा धरून उलटे काढत बसण्याची गरज नाही. ही एक युक्ती कळली नाही म्हणून 'श्री' उलटा छापलेली किती पत्रे केराच्या टोपलीत गेली असतील!

कोरण्यासाठी चित्रकला शिकणारे विद्यार्थी वापरतात ते लिनो कटर सर्वांत बरे. ते नसेल तर पेपर कटरचे धारदार पाते चालते, पण मोठ्यांच्या हातात. पाते नेहमी आपल्या अंगापासून दूर ढकलायचे आणि दुसऱ्या हाताची बोटे पात्याच्या मागे ठेवायची. वळण आले की हात वळवायचा नाही, रबर फिरवायचे. जिथे शाई हवी ती जागा उभी ठेवून बाकीचे काढायचे, आणि उभ्या रेघेच्या भिंती डोंगराच्या उतारासारख्या खाली रुंद होत जाऊ द्यायच्या. हौसेने रेघ आतून पोखरली तर दाबताच ती वाकते आणि ठसा दुहेरी येतो. पूर्ण कोरून होण्याची वाट न पाहता मधूनमधून रद्दी कागदावर छापून पाहावे. काढलेले रबर परत लावता येत नाही, पण राहिलेले काढता येते.

चित्र कसले निवडावे? बाजारातल्या पत्रांवर गुलाब, अस्वले आणि बर्फातली घरे असतात. आमगावात बर्फ कुणी पाहिले आहे? इथे धानाच्या बांध्या आहेत, रोवणीला वाकलेल्या बाया आहेत, फाल्गुनात पेटलेला पळस आहे. आणि सारस आहे. महाराष्ट्रात सारस पाहायचा तर बहुधा गोंदिया जिल्हाच गाठावा लागतो. उडणाऱ्या पक्ष्यांत सर्वांत उंच, राखाडी अंग, लालभडक डोके, आणि जोडीने फिरण्याबद्दल प्रसिद्ध. लग्नाच्या वाढदिवसाच्या पत्रावर याहून शोभणारे चित्र सुचणे कठीण.

या सारसामुळे छपाईतली एक गंमतही शिकता येते. डोके लाल आणि अंग राखाडी हवे, पण ठसा एकच आहे. मग डबी बाजूला ठेवून पाण्याच्या शाईच्या स्केचपेनने थेट रबरावरच रंग भरायचे, डोक्यावर लाल, अंगावर राखाडी. रंगवेपर्यंत शाई थोडी सुकते, म्हणून छापण्याआधी ठशावर तोंडाची गरम वाफ सोडायची, चष्म्याची काच पुसताना सोडतो तशी. ओल परत येते आणि दोन्ही रंग एकाच दाबात उठतात. सारसाची जोडी हवी तर पहिला पक्षी छापून घ्यावा, तोच ठसा पातळ कागदावर छापून बाहेरच्या रेघेवर कापावा आणि ते कापलेले पाखरू पहिल्यावर झाकण म्हणून ठेवून त्याच्यावर अर्धवट चढेल असा दुसरा छापावा. झाकण उचलले की दुसरा सारस पहिल्याच्या मागे उभा. ठशाला पुन्हा शाई न लावता लगेच आणखी एकदा छापले तर तो फिका येतो, जणू बांध्यांच्या पलीकडे धुक्यात. एका खोडरबरातून एवढे अंतर निघते.

दाबण्याचे तंत्र कचेरीतल्या शिपायाकडून मात्र शिकू नये. तो धप्पकन मारतो, कारण मागे रांग असते. पत्रासाठी शिक्का सरळ खाली ठेवायचा, तळव्याने सारखा दाब द्यायचा आणि न डोलवता सरळ वर उचलायचा. खाली चार घड्यांचे वर्तमानपत्र ठेवले तर कागदातला उंचसखलपणा झाकला जातो. मोठ्या ठशाला डबीत बुडवण्यापेक्षा डबीच उलटी धरून ठशावर हलके थोपटली तर कोरलेल्या खाचांत शाई शिरत नाही. एवढे करूनही पन्नासातले दोन ठसे कधीच हुबेहूब येत नाहीत. कुठे पाय फिका, कुठे चोचीपाशी ठिपका. छापील पत्रात हा दोष ठरला असता. इथे त्याच ठिपक्यावरून पत्र हाताचे आहे हे कळते.

मजकुराचा प्रश्न थोडा अवघड. इंग्रजी अक्षरांचा ठसेसंच सव्वीस तुकड्यांत आटोपतो. देवनागरीला काना, मात्रा, वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरे आहेत. सुटे तुकडे जुळवायला गेले की शिरोरेषा तुटते आणि वेलांटी शेजारच्या घरात घुसते. म्हणून शब्द अखंड कोरावा हे बरे. 'शुभेच्छा' हा एकच शब्द एका लांब खोडरबरात मावतो. तोही जड गेला तर उलट करावे. अक्षरे उभी ठेवण्याऐवजी अक्षरेच खणून काढावीत, म्हणजे रंगीत पट्टीवर पांढरी अक्षरे उमटतात. 'व' आणि 'ब' यांच्या पोटात अडकणारे पाते मग अडकत नाही. शिरोरेषेचा एक फायदाही आहे. ती पट्टीसारखी सरळ असल्यामुळे शब्द तिरका छापला जात आहे का, हे लगेच दिसते.

कागदाबाबत विदर्भाने संकोच करण्याचे कारण नाही. १९३४ मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याचे केंद्र वर्ध्याच्या मगनवाडीत होते, आणि गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे हातकागदाचे प्रयोग झाले. त्या कामातल्या के. बी. जोशी यांनी हातकागदावर पुस्तक लिहिले. १९४० मध्ये पुण्यात हातकागद संस्था उभी राहिली. राज्यघटनेच्या हिंदी हस्तलिखित प्रतीचा कागद पुण्यातल्या याच हातकागद केंद्रातला. गिरणीच्या कागदाची कथाही इथलीच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरचा कारखाना १९४५ मध्ये स्थापन झाला तेव्हा त्याच्या नावातच 'स्ट्रॉ बोर्ड' होते, म्हणजे तणसाचा पुठ्ठा. ठशांसाठी हातकागद घ्यायचा तर जरा गुळगुळीत पाठीचा घ्यावा. खरखरीत कागद सुंदर दिसतो, पण त्याच्या खळग्यांत शाई पोचत नाही. साधा मार्ग हवा असेल तर स्टेशनरीच्या दुकानात २५० जीएसएमचा पांढरा कार्डशीट मागावा. ए-फोर आकाराचे दोन भाग करून प्रत्येकाची घडी घातली की दोन पत्रे होतात. एकाचे वजन सुमारे आठ ग्रॅम.

वजनाचा हिशेब टपालासाठी. शुभेच्छापत्र हे मुळात टपालाचे अपत्य आहे. इंग्लंडात १८४० मध्ये एका पेनीत पत्र देशात कुठेही जाऊ लागले आणि तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल या गृहस्थाला नाताळची पत्रे हाताने लिहिण्याचा कंटाळा आला. त्याने चित्रकार जॉन हॉर्सली याच्याकडून एक चित्र काढून घेतले आणि त्याच्या हजार प्रती छापल्या. एका पत्राची किंमत एक शिलिंग होती. भारतात १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि खुशाली कळवणे गरिबालाही परवडू लागले. मराठी घरांत छापील पत्रांची खरी गर्दी दिवाळीत आणि संक्रांतीला असे. संक्रांतीच्या पाकिटात काटेरी हलव्याचे चार दाणे घालण्याची पद्धत कित्येकांना आठवत असेल. पोस्टाच्या शिक्क्याखाली त्यांचा चुरा होई, तरी पाकीट उघडताच मुले तो चुरा चाटून टाकत.

पत्र विकून मोठी कामेही उभी राहिली. १९४९ मध्ये चेकोस्लोव्हाकियातल्या यित्का सामकोवा या सात वर्षांच्या मुलीने युनिसेफच्या मदतीबद्दल आभार म्हणून एक चित्र काढून पाठवले. तेच युनिसेफचे पहिले शुभेच्छापत्र ठरले. १९७९ मध्ये मुंबईत रिपन कपूर आणि त्यांच्या मित्रांनी पन्नास रुपयांच्या भांडवलावर 'क्राय' ही मुलांसाठी काम करणारी संस्था सुरू केली. तिलाही पुढे शुभेच्छापत्रांच्या विक्रीने हात दिला.

मोबाइल आल्यावर पत्रे संपली, असे सरसकट म्हणतात. जपानात ती कमी झाली, पण नववर्षाची पत्रे पाठवण्याची रीत अजून आहे. भर होता त्या काळात, २००३-०४च्या सुमारास, तिथले टपाल खाते एका वर्षासाठी चारशे कोटींहून अधिक पत्रे काढत असे. त्या वर्षाच्या प्राण्याचा, म्हणजे ससा, वाघ किंवा बैल यांचा, ठसा घरीच कोरून पत्रावर उमटवणारे जपानी लोक पुष्कळ. तो कधी बटाट्यात कोरतात, कधी खोडरबरात. खोडरबर कोरण्याला तर तिथे कलेची प्रतिष्ठा आहे. नान्सी सेकी या लेखिकेने (१९६२-२००२) टीव्हीवरच्या माणसांची अर्कचित्रे खोडरबरात कोरून आपल्या टीकालेखांसोबत छापली आणि त्या ठशांनीच ती घराघरांत पोचली. भेंडी आणि बटाटा आपल्याकडेही आहेत. फक्त चौथी-पाचवीनंतर आपण ते स्वयंपाकघराला परत करतो.

आमगावच्या परिसरात अशा पत्राला एक खास निमित्त आहे, जे पुण्या-मुंबईला नाही. भाऊबीज झाली की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा असतो. रात्री दंडार हे लोकनाट्य किंवा नाटक असते, घरे पाहुण्यांनी भरतात, लेकीबाळी माहेरी येतात. आज हे आमंत्रण फोनवर दोन वाक्यांत उरकते. त्याऐवजी धानाच्या लोंबीचा ठसा आणि खाली मंडईची तारीख लिहिलेले पत्र मामाच्या घरी पोचले, तर ते फळीवरच्या देवाच्या तसबिरीमागे खोचले जाईल, आणि पुढल्या वर्षीपर्यंत तिथेच राहील. खर्चाचे म्हणाल तर एक खोडरबर, एक शाईची डबी आणि दहा कार्डशीट यांत वीस पत्रे होतात. बचत गटाने विकायला काढली तरी भांडवल अडकत नाही. मात्र विकताना यंत्रात छापलेल्या पत्राशी दराची स्पर्धा करू नये, तिथे हार ठरलेली आहे.

पाकिटाच्या झाकणावर पूर्वीसारखी लाखेची मोहोर लावण्याचा मोह होईल. गोंदिया हे नाव गोंदावरून, म्हणजे डिंकावरून पडले, आणि जंगलातला डिंक आणि लाख इथे विकायला येई असे सांगतात. पळसावर आणि कुसुमावर वाढणाऱ्या किड्यांची ही लाख रजिस्टर पाकिटांवर वर्षानुवर्षे वितळली. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. साध्या टपालात जाड मोहोर पिशवीत आपटून फुटते, म्हणून ती हातोहात द्यायच्या पत्रासाठीच ठेवावी. साध्या पाकिटाला वीस ग्रॅमपर्यंत पाच रुपयांचे तिकीट पुरते, आणि आपले पत्र पाकिटासह त्यात आरामात बसते.

पत्त्यात पिन कोड विसरू नये. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेली ही सहा आकड्यांची पद्धत श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी टपाल अधिकाऱ्याने बसवली. ते संस्कृतचे जाणकार कवीही होते. आमगावचा पिन ४४१९०२. संक्रांतीचे पत्र असेल तर ते जानेवारीच्या पहिल्या आठवड्यातच पेटीत पडायला हवे. आणि पाकीट कितीही सजवले तरी तिकिटाच्या डाव्या बाजूला दोन बोटे जागा कोरी सोडा, तिथे डाकघराचा शिक्का पडायचा असतो.